भोये सरांची शिफारस

बहिरू आणि कुसाबाई सांगितल्यापेक्षा लवकर आले, तेव्हा आशाबाईंची उडदाची डाळ अजून शिजत होती. कुंभमेळ्याच्या कामांसाठी सगळा रस्ता उकरून ठेवलेला. हरसूलच्या जीपवाल्याने त्यांना अलीकडेच उतरवून दिलं आणि दोघं धुळीने माखून दारात उभी राहिली. कुसाबाईच्या डोक्यावर नागलीच्या पिठाचं गाठोडं होतं. ते तिने आशाबाईंच्या हातात दिलं, पदराने तोंड पुसलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "पूजा कुठं हाय?"

"मागच्या खोलीत. आवरतेय."

काय आवरतेय ते आशाबाईंनी सांगितलं नाही. सकाळी त्या खोलीत डोकावल्या तेव्हा पूजा कायद्याची पुस्तकं गोणपाटाच्या पिशवीत भरत होती. वकिलीच्या शिक्षणाची सगळी वर्षं ती या घरात राहिली होती. पहिल्या दिवशी आली तेव्हा ताटातली पोळी तोडायलाही लाजायची. आता घरात कुठला डबा कुठे आहे हे सुनेपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. आणि ही पोर आज दुपारी जाणार होती. आशाबाईंना सकाळपासून कशातच चव लागत नव्हती.

ठरलं होतं तेच होत होतं, त्यामुळे कोणावर चिडायचीही सोय नव्हती. गेल्या दिवाळीत बहिरूने पोरीला सांगितलं होतं, पुढच्या शिक्षणाला परदेशात जायचं तर जा, सरकार शिष्यवृत्ती देतंय तर मी आडवा येणार नाही. पण या वर्षी झालं तर झालं. वैशाख संपेपर्यंत कुठल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं नाही, तर पेठच्या स्थळाला होकार. पूजाने ते मान्य केलं होतं. शब्द तिचाही होता, आणि वैशाख आज संपत होता. पेठचा मुलगा, मल्हारी, आश्रमशाळेत मास्तर होता. शांत, निर्व्यसनी, कधी कोणाला वाकडं न बोलणारा. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती हेच सगळ्यात वाईट होतं.

देवराम भोये सर बाहेर आले ते चष्मा पुसत. कायद्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी घरात इस्त्रीचा सदरा घालूनच बसायचे.

"या बहिरूभाऊ. जेवून घेऊ. घाई करू नका. पाचवं उत्तर यायचंय अजून."

"दादा, चौघांनी नाय म्हटलं. पाचवा काय वेगळं सांगनार?"

"निकाल लागेपर्यंत खटला संपत नसतो."

"तुमी म्हनता तर बसतो," बहिरू म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. खुर्चीवर बसा असं त्याला दर खेपेला सांगावं लागायचं आणि तो दर खेपेला ऐकायचा नाही.

*

पंगत स्वयंपाकघरातच बसली. पल्लवी वाढत होती. सासरी आल्यापासून तिने या घरात पुष्कळ जेवणं वाढली होती, पण इतकं मुकं जेवण पहिल्यांदाच. पूजा खाली मान घालून डाळीत भाकरी कुस्करत होती. कुसाबाई पोरीच्या ताटाकडे बघत होती. आणि नवरा, महेश, सकाळपासून कशावर तरी धुमसत होता. ते आता बाहेर येणार हे पल्लवीने ओळखलं. त्याने पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"विद्यापीठात पहिली आलेली मुलगी. जंगल-जमिनीच्या कायद्यावर तिचा लेख छापून आलाय. इंग्रजीची परीक्षा उत्तम गेलीय. तरी चारही ठिकाणी नकार. तुम्ही तिच्यासाठी नेमकं केलंत काय?"

"महेश!" आशाबाई म्हणाल्या.

"विचारू दे." सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रोज संध्याकाळी दोन तास शिकवलं. पासपोर्टसाठी मुंबईला दोनदा बरोबर गेलो. तिच्या बापाला समजवायला हरसूलच्या चढावर गुडघे फोडून घेतले. आणखी काय करायला हवं होतं?"

"शिफारसपत्र तुम्हीच दिलंत ना?"

"मीच. प्राचार्यांचंही होतं, पण त्यांचं छापील. सगळ्यांना एकच. माझं स्वतः लिहिलेलं होतं."

"काय लिहिलंत त्यात?"

सर जरासे सावरून बसले. पल्लवीला वाटलं, ते नाराज होतील. पण त्यांचा चेहरा उजळला. घरात हे कोणी विचारावं याची ते वाट बघत असावेत.

"पाठ आहे मला. ही विद्यार्थिनी नियमित आहे. तिची वागणूक चांगली आहे. तिचं काम समाधानकारक आहे." ते थांबले. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तिला प्रवेश देण्यास माझी हरकत नाही."

बहिरूने समाधानाने मान हलवली. पूजाच्या गालावर किंचित लाली आली.

"इतक्या वर्षांच्या नोकरीत," सर म्हणाले, "समाधानकारक हा शब्द मी कोणासाठी वापरला नव्हता. साठच्या वर गुण दिले नाहीत कोणाला. आता न्यायाधीश झालेत त्यातले काही. विचारा त्यांना."

पल्लवीच्या हातातला डाव डाळीतच राहिला. अंबडच्या औषध कंपनीत ती माणसांच्या भरतीचं काम बघायची. असल्या पत्रांचे गठ्ठे तिच्या टेबलावर येत. कोणी कोणाला असामान्य म्हटलेलं, कोणी दहा वर्षांतला सर्वोत्तम. आणि अधूनमधून एखादं पत्र असायचं दोन ओळींचं, नियमित आहे, वागणूक बरी आहे, हरकत नाही. ते वाचून ती काय समजायची? हेच की लिहिणाऱ्याला याच्याबद्दल चांगलं काही बोलायचं नाही, भिडेखातर दोन ओळी खरडल्यात. असं पत्र ती उजवीकडच्या ट्रेमध्ये टाकायची. उजवीकडच्या ट्रेमधल्या माणसाला कधीच फोन जात नसे.

"ताई, डाळ," बहिरू म्हणाला.

पल्लवीने त्याला डाळ वाढली. मग पूजाला वाढायला वाकली आणि तिच्याकडे बघणं तिला जमलं नाही.

*

"त्या पत्रानेच घात केलाय," मोरीपाशी भांडी ठेवता ठेवता पल्लवी दबक्या आवाजात म्हणाली. पुरुषमंडळी बाहेर गेली होती. कुसाबाई पोरीबरोबर मागच्या खोलीत होती. महेश पाणी प्यायच्या निमित्ताने आत आला होता आणि आशाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"म्हणजे?"

"आई, तिकडे असं पत्र म्हणजे नकारच. पाहुण्याने स्थळ सुचवावं आणि वर म्हणावं, मुलगी ठीक आहे, घ्यायची तर घ्या. तुम्ही घ्याल?"

आशाबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी या माणसाबरोबर आयुष्य काढलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सासू उभी राहिली, चिमणाबाई. पेठच्या डोंगरातली ती म्हातारी कधी कोणाला चांगलं म्हणाली नाही. खाचरात भात कमरेएवढं उभं राहिलं तरी म्हणायची, बरंय. महेश जन्मला, गोरापान, गुटगुटीत; तिने त्याला हातात घेऊन पहिला शब्द काढला तो, काय हे माकड! आणि मागे वळून डोळे पुसले. देवरामच्या आधीची तिची दोन मुलं गेली होती. थोरल्याला हरसूलच्या बाजारात कोणी बाई म्हणाली होती, किती देखणा गं तुझा लेक. आठवड्यात ताप आला आणि पोर गेलं. तेव्हापासून त्या घरात कौतुकाला बंदी झाली. देवराम शिकले, वकील झाले, प्राध्यापक झाले. दृष्टबिष्ट सगळं झूट म्हणायचे. पण तोंडाला लागलेलं कुलूप तसंच राहिलं.

"सांगायचं नाही त्यांना," आशाबाई म्हणाल्या. "चार नकार आपल्यामुळे आले हे कळलं तर ते मान वर करणार नाहीत पुन्हा."

"पण पाचवं उत्तर यायचंय ना, आई! आज नवीन पत्र लिहिलं तर ई-मेलने जाईल."

"आणि सांगायचं तर मी सांगतो," महेश म्हणाला. "माझाही हिशेब आहे. मोगल काकांच्या कारखान्यात माझी जागा नक्की होती. काकांनी बाबांना विचारलं, पोरगा कसा आहे. बाबा म्हणाले, बरा आहे. झालं! जागा दुसऱ्याला. माझ्या बापालाच मी कसाबसा वाटतो, तर परक्याला काय वाटणार? तेव्हापासून मी त्यांच्याकडून काही मागितलं नाही."

आशाबाई त्याच्याकडे वळल्या.

"त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले माहितेय?"

"काय?"

"बूट न काढता आत आले. म्हणाले, आशा, आज मी महेशची तोंडभरून स्तुती केली. चारचौघांत. मला जरा भीतीच वाटतेय. आणि म्हणाले, मीठ-मोहरी उतरून टाक पोरावरून, मी बघितलं नाही असं समज."

महेशने पेला ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं उराशी धरलेला राग एकदम असा हातातून निसटल्यावर माणसाने काय करावं?

"नको मग," तो अखेर म्हणाला. "नको सांगू, पल्लवी. त्यांना आपण चांगलं केलं असंच वाटू दे."

"आता तू फिरलास?"

"मला नाही जमणार त्यांचं तोंड बघायला."

"आणि पूजाचं तोंड? ते बघायला जमेल?" पल्लवी म्हणाली.

आशाबाईंनी हात पुसले. मघाशी त्याच सांगू नका म्हणाल्या होत्या. पण मागच्या खोलीतून पुस्तकं रचल्याचा आवाज येत होता आणि तो त्यांना ऐकवेना.

"चला," त्या म्हणाल्या. "मीच सांगते. ते माझ्यावर ओरडतील, तुमच्यावर नको."

*

ते कोणावरच ओरडले नाहीत. बायको बोलत असताना देवराम सर टेबलाशी ताठ बसून ऐकत राहिले. साक्षीदाराला मध्येच तोडू नये असा त्यांचा शिरस्ता होता.

"झालं तुझं?"

"झालं."

"मला मान्य नाही. समाधान होणं म्हणजे काय लहान गोष्ट आहे? माझं समाधान होत नाही! साऱ्या कॉलेजला माहीत आहे, भोयेचं समाधान होत नाही. ते या मुलीने केलं. आणखी काय लिहायला हवं होतं मी?"

"तिकडच्या लोकांना भोये सर कोण ते माहीत नाही, बाबा," पल्लवी अगदी हळू म्हणाली. "त्यांच्यापर्यंत फक्त कागद जातो."

सर काही बोलायला गेले आणि थांबले. सगळी हयात त्यांनी पुराव्याचा कायदा शिकवला होता. कागदावर जे नाही ते न्यायालयापुढे नाही, हे वाक्य वर्गात हजारदा म्हटलं असेल. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. महेश दारात उभा होता, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"चारही ठिकाणी तेच पत्र गेलं," ते म्हणाले. कोणाला सांगत होते असं नाही.

"पाचव्याला नवीन पाठवू," पल्लवी म्हणाली. "तुम्ही लिहा, मी टाइप करते. आज सकाळीच फोन सुरू झालाय, इंटरनेट लागेल." रस्ता खणताना तारा तुटून त्यांचा फोन दहाबारा दिवस मेलेला होता.

सरांनी कोरा कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. ही मुलगी, असं लिहिलं आणि पेन थांबलं. पल्लवीने शब्द सुचवले. अत्यंत बुद्धिमान. दुर्मीळ. सर्वोत्तम. प्रत्येक शब्दाला ते मान हलवत. खोटं होतं म्हणून नव्हे. खरं होतं, म्हणूनच हात पुढे जाईना. पोटात कुठेतरी आई बसली होती आणि तिने मनगट धरून ठेवलं होतं. देवा, मी एवढा शिकलो आणि दोन शब्द लिहायला घाबरतो, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"तुम्ही सगळे बाहेर जा," ते म्हणाले. "तिला पाठवा."

*

पूजा आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. काकूंनी स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं होतं. सांगताना त्या रडल्या होत्या. ती रडली नव्हती.

"बस," सर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "जानेवारीत मी तुला ते पत्र वाचून दाखवलं होतं."

"हो सर."

"तेव्हा तुला वाटलं नाही, हे कमी आहे? तू हुशार आहेस." हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. दोघांनाही तो ऐकू आला. "मला सांगायचं होतंस. भीड वाटली का?"

पूजाला जानेवारीतली ती संध्याकाळ आठवली. सरांनी पत्र वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाले होते, जा, अभ्यास कर. ती मागच्या अंगणात गेली होती आणि धुण्याच्या दगडावर बसून रडली होती. आनंदाने. भोये सरांचं समाधान झालं! कुठे हरसूलची बहिरूची पोर आणि कुठे ते. त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. वर्गातल्या कोणालाही सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

"भीड नाही वाटली सर," ती म्हणाली. "मला ते लय मोठं वाटलं होतं."

सरांनी चष्मा काढला. दोन्ही हातांनी डोळे दाबून धरले. मग चष्मा घातला आणि लिहायला लागले. त्यांनी थांबून विचार केला नाही, खोडलं नाही. पूजा समोर बसून पेनाचा आवाज ऐकत राहिली. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेले. लिहून झाल्यावर त्यांनी तो गठ्ठा तिच्यापुढे ढकलला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने वाचलं. दुसऱ्या परिच्छेदापुढे तिला अक्षरं दिसेनात.

बाहेरच्या खोलीत पल्लवीने संगणक लावला. तारेतून ती खरखर, शिट्ट्या, मग शांतता. बहिरू आणि कुसाबाई ते यंत्र काय म्हणतंय ते ऐकत होते.

"आधी तुझी मेल बघ," पल्लवी म्हणाली. "त्यांचा पत्ता त्यातूनच घेऊ."

पूजाने आपलं खातं उघडलं. सगळ्यात वर पाचव्या विद्यापीठाचं नाव होतं. तारीख गेल्या आठवड्यातली. फोन बंद असताना आलेलं. तिने ते उघडलं. या पत्रांमध्ये खेद हा शब्द कुठे असतो ते तिला आता माहीत झालं होतं. पहिल्याच ओळीत होता.

सर मागून आले, हातात कागद घेऊन. "कुठल्या पत्त्यावर? मोठ्या अक्षरात टाइप कर पल्लवी, आणि माझं पद नीट लिही, निवृत्त प्राध्यापक असं..."

"बाबा," महेश म्हणाला.

"काय?"

महेशने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने कधी ठेवला नव्हता. सरांनी पडद्याकडे बघितलं, वाचलं, आणि कागद तसेच हातात धरून बाजूच्या खुर्चीवर बसले.

"राहू द्या सर," पूजा म्हणाली.

"पुढच्या वर्षी पाठवू," पल्लवी घाईघाईने म्हणाली. "हे पत्र आहे ना आता. पाचही ठिकाणी पुन्हा पाठवू. बहिरूकाका, एक वर्ष फक्त..."

बहिरूने मान खाली घातली. "ताई, तिकडं मानसं वाट बघत बसल्यात. आनि ती शिष्यवृत्ती बी याच वरसाची होती ना? पोरीनंच सांगितलेलं." त्याने पूजाकडे बघितलं. ती नाही म्हणेल अशी थोडी भीती आणि थोडी आशाही त्याच्या डोळ्यांत होती. ती नाही म्हणाली असती, तर कदाचित तो हरलाही असता. पण आज तिच्या अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

"चला बा," ती म्हणाली.

*

जीपवाला कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होता. महेशने पुस्तकांची गोणी उचलली. आशाबाईंनी पूजाची ओटी भरली आणि तिला कितीतरी वेळ सोडलं नाही.

कुसाबाईला त्या दुपारचं सगळं कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की परक्या मुलखातल्या लोकांनी आपल्या पोरीला नको म्हटलं आणि त्यात सरांच्या लिहिण्याचं काही कमीजास्त झालं. नवऱ्याला मात्र काहीतरी टोचत होतं. फाटकाशी तो थांबला, चपलेने माती उकरत उभा राहिला.

"दादा, राग येऊ देऊ नका. एक इचारतो. तिकडच्या लोकांना आमची पोर कमी वाटली का?"

सरांच्या हातात अजून ते कागद होते. ते बहिरूच्या समोर आले.

"ऐका," ते म्हणाले. इंग्रजीतलं वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं त्यांनी फाटकातच उभं राहून सुरू केलं. "मी इतकी वर्षं शिकवलं, पण हिच्यासारखी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. जंगलाच्या कायद्यातलं एक कलम मी वर्षानुवर्षं चुकीचं शिकवत होतो. हिने भर वर्गात उभं राहून ते दाखवून दिलं. मी तिला खाली बसवलं. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर ती बरोबर होती आणि मी चूक होतो. माझ्या राज्यात तिच्या तोडीचं डोकं मी पाहिलेलं नाही. ती ज्या विद्यापीठात जाईल, त्या विद्यापीठाचं भाग्य..."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून ऐकायला लागली. महेश गोणी खांद्यावर घेऊन उभा होता. बापाचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"बास, दादा!" कुसाबाई एकदम पुढे झाली. तिने पूजाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन पोरीच्या कानामागे लावलं. "इतकं बोलू नका. पोरीचं लगीन हाय. दृष्ट लागंल."

सरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी कागदांची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

बहिरूला तेवढं पुरलं होतं. त्याचा चेहरा मोकळा झाला.

"म्हंजी बरी हाय ना पोर?"

"हो," देवराम सर म्हणाले. "बरी आहे."

पहाटेपासून रडू आवरून धरलेली पूजा तेवढ्यावर रडायला लागली. फाटकाला धरून, आवाज न करता, खांदे हलवत. सर एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

कुसाबाईने तिला जवळ घेतलं. पोरी लग्नाआधी अशाच रडतात, आपणही रडलो होतो. तिने पदराने लेकीचे डोळे पुसले.

"रडू नको बाय," ती म्हणाली. "पेठ काय लांब नाय."